भाऊसाहेबांचा डबा

जेवणाच्या सुट्टीत भाऊसाहेब डबा उघडायचे, झाकण उलटं करून त्यात थोडी भाजी काढायचे, ते टेबलाच्या मधोमध सरकवायचे आणि कुणाकडेही न बघता म्हणायचे, "घ्या. मंडळीनं केलंय."

कुणी विचारलेलं नसायचं. पण हे वाक्य म्हटल्याशिवाय त्यांना घास जात नसे. तुमच्याही ऑफिसात असा एक डबा असेलच, ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा असतो. आमच्या नांदेडच्या ऑफिसात तो भाऊसाहेबांचा होता. मेथीची पातळ भाजी, दोडक्याच्या शिरांची चटणी, वरणफळं, आणि हिवाळ्यात येसराची आमटी. भाऊसाहेब आता बदली होऊन उदगीरला असतात. आम्ही आपापले डबे आपापल्यापुढे ठेवून जेवतो.

माझ्या सकाळी तेव्हा फार वाईट चालल्या होत्या. दोन मुलांची शाळा, नवऱ्याची दुकानाची वेळ आणि माझी हजेरी, सगळं एकाच तासात यायचं. डब्यात रोज बटाटा असायचा. भाऊसाहेबांच्या मंडळी दवाखान्यात नर्स, त्यांना तर दिवसपाळी-रातपाळी, तरी हा असा डबा. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. वहिनी एवढं सगळं कधी करतात, असं मी विचारायची. ते म्हणायचे, विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी खुलासेवार उत्तर यायचं. कांदा आधी कोरडाच भाजायचा, खोबरं त्यानंतर, तीळ अगदी शेवटी नाहीतर कडू होतात. नवरा बायकोचं इतकं मन लावून ऐकतो याचंच मला मोठं कौतुक वाटायचं.

शेवटी एका रविवारी मी त्यांच्या घरीच गेले. म्हटलं, वहिनींकडूनच शिकून घ्यावं. दार वहिनींनी उघडलं. ड्यूटीवर निघाल्या होत्या, केसांना पिना लावत होत्या. मी कशासाठी आले ते ऐकून त्या दाराची कडी धरून हसायला लागल्या.

"ताई, ते सगळं ह्यांना विचारा. मला चहा येतो, तो बी ह्यांना आवडत न्हाई."

आत भाऊसाहेब लुंगी-बनियनवर ओट्यापाशी उभे होते. दोन्ही शेगड्या पेटलेल्या, एकीवर शेंगदाणे, दुसरीवर कांदा-खोबरं. मला बघून त्यांनी हातातलं उलथनं पाठीमागे लपवलं. मी पोट धरून हसले आणि ते मात्र कानापर्यंत लाल झाले. ऑफिसात सांगू नका, एवढंच परत परत म्हणत राहिले. मी वचन दिलं आणि बदल्यात शिकवणी मागितली.

त्यांची सगळी हुशारी रविवारच्या दुपारी होती. कांदा-खोबऱ्याचं वाटण करून स्टीलच्या डब्यात भरायचं. लसूण कोमट पाण्यात टाकून सोलून ठेवायचा. भाज्या निवडायच्या, पण धुवायच्या नाहीत, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवायच्या. शेंगदाण्याचा कूट करून ठेवायचा. आणि येसर. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मसाले असं सगळं भाजून दळलेलं ते पीठ घरात असलं की आमटीला डाळ शिजवावी लागत नाही. थंड पाण्यात कालवायचं आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचं. मग सकाळी फक्त भाकरी थापायची राहते, ती मात्र ताजीच पाहिजे, त्यात भाऊसाहेब तडजोड करत नसत. परीक्षेच्या तयारीला नांदेडला खोली करून राहायचे तेव्हा शिकले होते. वहिनींचं शिक्षण सगळं वसतिगृहात, त्यांना शिकायला वेळच मिळाला नाही. लग्नानंतर ज्याला जे येतं त्यानं ते केलं, इतकं ते साधं होतं.

त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याकडे पाहिलं. तो टीव्हीसमोर आडवा होऊन चहाचं काय झालं ते विचारत होता. वचन दिलं होतं म्हणून गप्प बसले.

भाऊसाहेबांचं गाव लोह्याकडे. आई नव्हती, वडील भावकीत वडीलधारे. ते नांदेडला येणार असले की भाऊसाहेब पहाटेच सगळं रांधून झाकून ठेवत आणि सून करून गेली म्हणून सांगत. म्हातारा गावात जाऊन सुनेची तारीफ करी. नोकरी करून असा सैपाक करणारी सून तालुक्यात न्हाई, म्हणे. वहिनींना त्याची गंमत वाटायची. फुकटचं कौतुक मिळून राहिलंय, घ्यायला काय जातंय, असं त्या मलाच एकदा म्हणाल्या होत्या.

मग गावात भाऊसाहेबांच्या चुलत बहिणीचा साखरपुडा ठरला. आम्हा ऑफिसवाल्यांनाही बोलावणं होतं, आम्ही तिघं-चौघं गेलो. मी बायकांत मागच्या अंगणात बसले होते. तिथं म्हाताऱ्याचा निरोप आला की आमटी सूनबाईच्या हातची होऊ द्या, पाहुण्यांना कळू द्या. बायकांनी चुलीवर पातेलं चढवलं आणि येसराचा डबा वहिनींच्या हातात दिला.

वहिनी डबा घेऊन उभ्या राहिल्या. मागच्या दारातून पुढची ओसरी सरळ दिसत होती. भाऊसाहेब तिथं पाहुण्यांच्या रांगेत बसले होते. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. मीही बघितलं. भाऊसाहेबांनी एक वाक्य बोलायचं होतं, तेवढ्यानं सगळं निभलं असतं. ते वाक्य त्यांचं होतं, माझं नव्हतं, म्हणून मी वाट बघत बसले. भाऊसाहेबांनी मान खाली घातली.

वहिनींनी येसर तसंच उकळत्या पाण्यात ओतलं. व्हायचं तेच झालं, लाडूएवढ्या गुठळ्या झाल्या. त्या फोडता फोडता मीठ दोनदा पडलं. पंगतीत पहिल्या घासालाच पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यानं सुनेला ओसरीवर बोलावलं.

"माफ करा पाहुणे. नोकरीवाली सून हाय आमची. लोकाला गोळ्या देती, घरच्याला आमटी देता येत न्हाई."

पाहुणे हसले. भावकीतल्या बायका पदराआड हसल्या. वहिनी म्हणाल्या, "आज बिघडली, मामा." बस, एवढंच. नवऱ्याचं नाव त्यांनी काढलं नाही. आणि भाऊसाहेब मान खाली घालून ती आमटी जेवत राहिले, मागून घेऊन जेवले. मला तिथं बसवेना. दुसऱ्याच्या वागण्याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सोमवारी त्यांनी डबा उघडला, झाकण मधे सरकवलं, पण तोंडातून शब्द निघाला नाही. सगळे उठून गेल्यावर मी त्यांना मनसोक्त बोलले. बायकोच्या जिवावर बाप्येपण जपता, हेही बोलले. ते झाकण डब्यावर बसवत म्हणाले,

"तिनं माझ्याकडं बघितलं मॅडम. म्या भुईकडं बघितलं. तवापासून तिच्याकडं बघता येत न्हाई."

घरी वहिनी त्यांना एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. उलट ड्यूटीवरून आल्यावर त्या स्वतः भाकरी थापायला शिकू लागल्या होत्या. पुढच्या वेळी बिघडायला नको, म्हणायच्या. रातपाळी करून आलेली बाई झोपायचं सोडून तव्यावर हात भाजून घेत होती. जो वेळ वाचवायला ह्या माणसानं इतकी वर्षं रविवार घातले, तो सगळा असा चुलीत चालला होता.

त्यानंतर म्हाताऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला झालं. मी केळी घेऊन भाऊसाहेबांच्या घरी बघायला गेले. म्हातारा बाजेवर डोळ्याला पट्टी बांधून पडला होता, भाऊसाहेब पायथ्याशी बसले होते. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, थांबून थांबून, अडखळत. म्हातारा मला म्हणाला की एवढ्या वर्षांत हिला भाकरीसुद्धा जमेना, सगळी सोंगं होती.

भाऊसाहेब उठून आत गेले. आतलं काही बोलणं ऐकू आलं नाही. मग थापण्याचा आवाज बदलला. भराभर, एकसारखा यायला लागला. म्हाताऱ्यानं उशीवरून मान उचलली.

"हे कोन थापून राहिलं?"

"म्या, बाबा," आतून भाऊसाहेब म्हणाले.

"कवापासून?"

"लग्नापासून. तुमी जेवलात ते सगळं माझ्याच हातचं."

आत भाकरी तव्यावर पडली, उलटली. मग म्हाताऱ्यानं लेकाला बाहेर बोलावलं. पीठभरल्या हातांनी भाऊसाहेब समोर येऊन उभे राहिले.

"म्या तिला चारचौघांत बोललो," म्हातारा म्हणाला. "आता तू चारचौघांत सांग. लगीन हाय म्होरल्या महिन्यात. तितंच सांग."

भाऊसाहेब हो म्हणाले. वहिनी आतल्या दारात उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

त्या चुलत बहिणीच्या लग्नाला मी मुद्दाम गेले. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. भाऊसाहेबांनी आमटीची बादली उचलली आणि वाढत सुटले. एक पंगत उठली, दुसरी बसली, ते थांबेनात. जो तो त्यांच्या कामाची वाखाणणी करत होता, आणि मला कळत होतं की हा माणूस बादलीमागे लपला आहे. म्हाताऱ्यानं त्यांना दोनदा हाक मारली. आलो, एवढी पंगत होऊ द्या, असं म्हणून ते पुढच्या रांगेत शिरले.

मग म्हातारा स्वतः उठला. मांडवाचा खांब धरून उभा राहिला. आवाज फार मोठा नव्हता, पण वडीलधारं माणूस उभं राहिलं म्हणून लोक गप्प झाले.

"साखरपुड्याला म्या सुनेला पाहुण्यांसमोर बोललो. तिची चूक नव्हती. आमच्या घरात सैपाक माझा लेक करतो. लई चांगला करतो. ते सांगायला त्याचं तोंड उघडंना, म्हनून मी सांगून राहिलो."

मग तो बायकांच्या बाजूला वळला आणि सुनेला म्हणाला, "पोरी, चुकलं माझं."

वहिनी उठून आल्या. त्यांनी सासऱ्याचा हात धरला, त्याला पाटावर बसवलं, ताट जवळ ओढून दिलं आणि स्वतः त्याच्या शेजारी, बाप्यांच्या पंगतीत बसल्या. त्यांनी आपली वाटी ताटात सरळ केली आणि वाढप्याची वाट बघत समोर बघत राहिल्या.

भाऊसाहेब तीन-चार पानं पलीकडे होते. बादली हातात, पळी बादलीत. त्यांच्यापुढचे लोक वाटी धरून बसले होते. कुणीतरी म्हणालं, वाढा की, इकडं आमटी आलीच न्हाई. वहिनींच्या वाटीपर्यंत पोचायचं तर त्यांच्याकडे बघावं लागणार होतं, आणि भाऊसाहेबांचा हात हलत नव्हता.