गार्गँटुअन पर्स

माझी पुतणी मुक्ता मटार सोलता सोलता वहीतले इंग्रजी शब्द पाठ करते. अवघड शब्द वाक्यात बसवल्याशिवाय तिच्या लक्षात राहत नाही, आणि त्या वाक्यात घरातलंच कुणीतरी लागतं. 'लेथार्जिक' बाबा रविवारी सोफ्यासकट जेवायला येतात. 'कॅन्टँकरस' आत्या रिक्षावाल्याशी भांडून झालं की आरशाशी भांडते.

शब्दकोशातले शब्द परक्या गावात उतरलेल्या पाहुण्यासारखे अवघडून उभे असतात. कुणीतरी त्यांना घरी नेऊन चहा पाजावा लागतो.

काल ती वाचत होती, "गार्गँटुअन म्हणजे अवाढव्य. काकूच्या गार्गँटुअन पर्समध्ये काकांचा चष्मा, दोन लिंबं आणि एक पाना सापडला."

आणि तिने एकदम जीभ चावली. माझी बायको जाऊन दोन महिने झाले. तेव्हापासून माझ्यासमोर तिचं नाव कुणी घेत नाही. बोलणं तिच्यापाशी आलं की सगळे वळसा घालतात. त्या वळशाची मलाही सवय होऊ लागली होती, आणि त्याचीच भीती वाटत होती.

"सॉरी काका. खोडू का?"

"खोडू नकोस, दुरुस्त कर," मी म्हणालो. "पाना नव्हता, पक्कड होती."

"पक्कड? कशाला?"

"नाटकाला गेलो की खुर्चीचा खिळा टोचतो म्हणून."

मुक्ता इतकी हसली की मांडीवरच्या शेंगा घरंगळल्या. मग पेन उघडून तिने विचारलं, "आणि लिंबं दोनच ना?"

"दोन. त्यातलं एक कायम सुकलेलं."