बिनलिफ्टच्या गावाचा लिफ्टकाका

गावात एकही लिफ्ट नव्हती, तरी गावाला एक लिफ्टकाका होता. सगळ्यात उंच घर दोन मजल्यांचं. लोकांना या गोष्टीची इतकी मजा वाटे, की काका दुकानात शिरले की कुणीतरी विचारायचंच, "काय काका, वर जायचंय की खाली?" पहिल्या वर्षी काका हसले होते. अकराव्या वर्षी नुसती मान हलवायचे.

काका मूळचे इथले नव्हेत. लग्नानंतर सासुरवाडीला आले आणि घरासमोरच्या नदीच्या वळणावर त्यांचा जीव जडला. बायको इथलीच, तिला त्या नदीचं काडीचं कौतुक नव्हतं. ती म्हणे, "मी इथे जन्मले म्हणून राहते. तुम्ही मुद्दाम राहता." पुढे सासऱ्यांचं घर रिकामं झालं, तेव्हा काकांनी शहरातलं बिऱ्हाड उचलून इकडे आणलं. बिऱ्हाड आलं, लिफ्ट दुरुस्तीचं काम कसं येणार?

मग येरझारा सुरू झाल्या. सोमवारी पहाटे पाचची बस, चार तासांचा रस्ता, पाच दिवस तिघांत एक खोली, शुक्रवारी संध्याकाळी परत. शहर काकांना डोळ्यांसमोर नको असे. पण बंद पडलेल्या लिफ्टच्या दारावर तळहात टेकवला की शहर विसरायला होई. मोटर कुठे धापा टाकतेय, दोर कुठे घासतोय, ते त्यांच्या हाताला आधी कळे आणि डोक्याला मागून. आता त्रेपन्नाव्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले होते. रविवारी जेवण झालं की काकांचा चेहरा उतरायचा, तो सोमवारी बसमध्येच झोपेत सैल व्हायचा.

शहर सोडूनही बघितलं होतं एकदा. गावच्या पाणी कार्यालयात आठ महिने काढले. काम काय, तर दर सोमवारी नदीकाठच्या विहिरींत दोरी सोडायची, पाणी किती खाली आहे ते वहीत लिहायचं, आणि उरलेला आठवडा त्या वहीकडे बघत बसायचं. घर पाच मिनिटांवर, दुपारी गरम जेवण, खिडकीत नदी. आणि काका असे चिडचिडे झाले, की घरातली माणसं चमचा ठेवतानासुद्धा जपून ठेवायची. नवव्या महिन्यात बायकोनेच बॅग भरली. "जा तुमच्या त्या लिफ्टकडे. सुखात राहून असं तोंड करणार असाल, तर दमलेलेच बरे."

म्हणून यंदा बिल्डर घरी आला, तेव्हा सगळ्यात आधी तीच खुर्चीच्या टोकाला येऊन बसली. समोर नदीकाठी पाच मजल्यांची इमारत, दोन लिफ्ट, आणि त्या सांभाळायला काका. नोकरी पक्की. नदी झाकली जाणार होती हे खरं. काकांनी दोन दिवस तळमळून तेही गिळलं. नदीचा आवाज तरी राहील, आणि सोमवारच्या बसपासून सुटका होईल.

"नकाशा ठेवून जातो. एकदा नजर टाका," बिल्डर म्हणाला.

शनिवारी काकांनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चार वाट्या. बायकोने दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा तो निवला. काका बोटाने रेघा मोजत होते, मध्येच स्वतःशी पुटपुटत होते, मग तर चक्क शीळ घालू लागले. या घरात काकांनी शीळ घातलेली तिने कधी ऐकली नव्हती.

दोन तासांनी शीळ थांबली.

"काय झालं?"

"लिफ्टखाली खड्डा लागतो. यांनी पाच फूट दाखवलाय," काका म्हणाले. "या काठाला पावसात जमिनीखाली तीन फुटांवरच पाणी असतं. आठ महिने मीच मोजलंय."

"मग बांधून घेतील नीट."

"ते यात कुठेच नाही. लिफ्टच्या विजेच्या तारा पाण्यात राहतील."

तिने कोपऱ्यावरची एक वाटी उचलून परत ठेवली. "नाही सांगितलंत तर?"

"मग रोज दार उघडून मीच लोकांना म्हणायचं, या, बसा?"

रविवारी बिल्डर आला. काकांनी पेन्सिलने पाण्याची रेघ मारून दाखवली. माणूस वाईट नव्हता, त्याने नीट ऐकून घेतलं, आभारही मानले. मग हनुवटी खाजवत म्हणाला, "एवढं बांधकाम परवडायचं नाही, काका. तीनच मजले काढतो. तीन मजल्यांना लिफ्ट कशाला, जिने आहेत की."

तीन मजल्यांतही नदी झाकली जाणारच होती.

तो गेल्यावर बायको म्हणाली, "तेलही गेलं, तूपही गेलं." पुढचं धुपाटणं तिने बोलून दाखवलं नाही, एवढी तिची माया.

"मी फार दमलोय गं," काका म्हणाले. अकरा वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं.

तिने बॅग काढली. शर्टांच्या घड्या घालून बॅगेत ठेवू लागली. बिल्डर नकाशा तिथेच टाकून गेला होता. कागद चांगला जाड होता, म्हणून कपाटाच्या फळीवर अंथरायला तिने तो उचलला.

"तो नको घेऊस," काका म्हणाले.

"आता काय उपयोग त्याचा?"

काकांनी तो तिच्या हातून घेतला, जपून चार घड्या घातल्या आणि बॅगेत शर्टांखाली सरकवला. त्यांना जे काम आवडत होतं आणि जिथे राहायला आवडत होतं, ती दोन्ही आयुष्यात एकदाच एका टेबलावर आली होती, शनिवारी, दोन तास. हे बायकोला सांगावं असं त्यांना वाटलं. पण तिने ती शीळ ऐकली होती. तिने बॅगेची चेन लावली आणि पाचच्या बससाठी गजर चारचा केला.