पाय धुवून घेताना

येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी देवळात फादर बारा जणांचे पाय धुतात. यंदा त्यांत माझं नाव आलं, म्हणून मी घरीच वजरीनं टाचा घासून लख्ख केल्या. बायको म्हणाली, "पाय धुवून घ्यायला पाय धुवून निघालात?"

म्हातारे फादर माझ्यापुढे कण्हतच वाकले. मला वाटलं, प्रेम करायचं तर वाकावं लागतं, आणि आपला जन्म गेला पाय पुढे करण्यात.

घरी आलो तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या माझ्या वडिलांजवळ, अप्पांजवळ, बायको कंबर धरून बसली होती. "आज अप्पांचं अंग पुसायचं राहिलंय. मला वाकवत नाही," ती म्हणाली.

नुसता बसूनही मी दमलो होतो. तरी बादली भरून आणली आणि अप्पांच्या पायांशी टेकलो.

"पाणी गार आहे रे," अप्पा म्हणाले.

गुडघ्यावर हात देत मी उठलो आणि पाणी तापत ठेवलं.