सुशीचा श्वास मोजताना

सकाळच्या तिरप्या उन्हात कमरेतून वाकलेल्या पंधरा-सोळा मुली, धुळीला टेकलेली वेण्यांची टोकं, आणि त्या साऱ्यांच्या मिटल्या ओठांतून निघणारा एक सलग, मंद गुंजारव — जणू नारायण पेठेतल्या त्या मैदानावर मधमाश्यांचं मोहोळच उतरलंय... पाणी शिंपडलेल्या मातीचा, केसांतल्या खोबरेलाचा आणि कुणाच्या तरी खिशातल्या फुटाण्यांचा वास. आम्ही कबड्डीच्या मुली. बाई म्हणायच्या, "चढाई पायांनी नाही, छातीनं होते." म्हणून खेळाआधी रोज हा व्यायाम : पोटभर श्वास घ्यायचा, तो गुणगुणत सोडत वाकायचं, कपाळ गुडघ्यांना टेकेपर्यंत. जोडीदारणीनं पाठीवर हात ठेवून मनातल्या मनात आकडे मोजायचे. ती सांगेल तो आकडा खरा.

माझा देह म्हणजे चौदाव्या वर्षीच वाळलेलं लाकूड! कपाळ आणि गुडघे यांची कधी भेट झाली नाही, श्वास जेमतेम चौदापर्यंत पुरायचा. ऐट मात्र अशी, की कबड्डी जगात टिकून आहे ती माझ्यामुळेच. सुशी महिन्याभरापूर्वी आलेली, माझी जोडीदारीण. धायरी तेव्हा खेडंच. तिथून पहाटेच्या गाडीनं स्वारगेटला उतरून ती चालत यायची. विहिरीत पोहून पोहून तिची छाती अशी रुंदावलेली, की ती वाकली म्हणजे माझ्या तळहाताखाली तिची पाठ संथ लाटेसारखी ओसरत जायची... कितीतरी वेळ. ती "आहे"ला "हाय" म्हणाली की आम्ही पेठेतल्या शहाण्या फिदीफिदी हसायचो. तीही हसायची.

बाहेरगावच्या सामन्यांसाठी संघात एकच जागा उरली — सुशी किंवा मी. बाईंनी ठरवलं, श्वास मोजून निवडायचं. सुशीनं माझा मोजला : चौदा. एक कमी नाही, एक जास्त नाही. मग ती वाकली. आठपर्यंत मी नीट मोजलं. पण खोटंही बोलायचं नव्हतं ना! आम्ही सुसंस्कृत घरातल्या. म्हणून मी आकडेच लांबवले... नऊ... दहा... एकेका आकड्यात चार-चार दडवले. ती सरळ झाली, तेव्हा मी स्वच्छ मनानं म्हणाले, "तेरा."

"तेराच?"

"तेराच."

"मग माझाच दम कमी हाय," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "चांगली खेळ गं."

मी काय खेळणार! पहिल्याच चढाईत दोन पावलं गेले आणि दम तुटला. पंचांनाच शिट्टी शोधायची घाई झाली. सामन्यांहून परत आले, तेव्हा सुशीनं मैदान कायमचं सोडलं होतं.

आता माझी नात कबड्डी खेळते. व्यायाम तोच, फक्त मोजायला मोबाइल. मागे एकदा त्याचं चार्जिंग संपलं तर म्हणते, "आजी, तू मोज ना. पण चीटिंग नको हं!" पोरीला काय ठाऊक... दुसऱ्याच आठवड्यात सुशीचा पत्ता मिळवून मी धायरी गाठली. शेतांच्या जागी आता इमारती. सुशी सहाव्या मजल्यावर. मी सगळं सांगून टाकलं, आकडे कसे लांबवले तेसुद्धा.

"मग आता काय, संघात घेतेस?" सुशी म्हणाली. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग ती पदरानं चष्मा पुसत राहिली.

"रंजीला लई खेळायचं होतं," ती हळूच म्हणाली. "माझी लेक. मीच म्हटलं, आईच्या छातीत दम न्हाय, तुझ्या कुठनं येणार? धाडलंच न्हाय गं तिला."

तेवढ्यात वीज गेली, पंखा थांबला. थोड्या वेळानं दार लोटून रंजना आत आली — पन्नाशीची, उंच, रुंद खांद्यांची, दोन्ही हातांत भाजीच्या गच्च पिशव्या. "लिफ्ट बंद पडली बाई," म्हणत तिनं पिशव्या ठेवल्या आणि तशीच स्वयंपाकघराकडे वळत विचारलं, "मावशी, चहात साखर चालते ना तुम्हाला? आलं घालू?"

सहा मजले चढून आली होती. आवाज जराही हलला नव्हता.

सुशी तिच्याकडे बघत राहिली. मी फरशीकडे.