वीतभर जोतं

बिरप्पा गवंड्याच्या पिशवीत थापी, ओळंबा आणि पाणी भरायची प्लास्टिकची नळी असे. थापी कुणीही मागून न्यावी, ओळंबाही न्यावा. नळीला मात्र त्यानं कधी कुणाला हात लावू दिला नाही. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर उभं राहतं, एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर त्यानं चाळीस वर्षं पोट भरलं होतं. "माणूस खोटं बोलंल, पाणी न्हाय बोलायचं," हे त्याचं बोलणं गावाला पाठ होतं.

गाव मोहोळ तालुक्यातलं, सीनेच्या काठचं. वेशीत मारुती, आणि तिथून नदीकडे उतरत गेलेली खालची आळी. आळीत कुणाचंही घर निघालं की पहिली नळी मारुतीच्या ओट्याला लागायची. ओट्याच्या कडेशी पाणी जुळवायचं, दुसरं टोक जागेवर न्यायचं, आणि त्या खुणेच्या वीतभर खाली जोत्याची दोरी बांधायची. देवाच्या वर माणसानं बसू नये, असा रिवाज. बिरप्पाच्या बापानं तो पाळला, बिरप्पानंही पाळला. त्यानं आळीत सतरा घरं बांधली आणि सतराच्या सतरा जोती मारुतीहून वीतभर खाली. बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. याचा त्याला गर्व होता, आणि का नसावा?

त्यातलंच एक घर सारजाबाईचं. वीस वर्षांपूर्वी पाया भरताना ती म्हणाली होती, "अण्णा, नदी जवळ हाय. एक वीत वाढवा की. देवाच्या वर नको, बरोबरीला येऊ द्या."

"देवाची बरोबरी करतीस व्हय?" म्हणून बिरप्पा तिच्यावर असा डाफरला, की शेवटी तिच्या नवऱ्यानं, रावजीनंच तिला गप्प बसवलं.

मागच्या भाद्रपदात सीना गावात शिरली. पाणी मारुतीच्या ओट्याच्या कडेला येऊन टेकलं आणि तिथंच थांबलं. देव कोरडा राहिला म्हणून लोकांनी हात जोडले. हात जोडणाऱ्यांच्या घरात मात्र वीत वीत पाणी होतं, सतराही घरांत सारखंच, आणि ते तीन दिवस हटलं नाही. कच्च्या विटांच्या भिंती खालून भिजत गेल्या. सारजाबाईची सगळ्यांत आधी बसली. रावजी लकव्यानं दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. तिनं त्याला पाठुंगळी मारलं आणि गुडघाभर चिखलातून शाळा गाठली. तेव्हापासून शाळेच्या एका खोलीत दोघांचा संसार मांडलेला होता.

पूर ओसरल्यावर ग्रामसभेनं ठराव केला. पाणी जिथवर चढलं त्या खुणेच्या दोन फूट वर जोतं हवं. ते तपासून दाखला मिळेपर्यंत भिंतीची एक वीट लावायची नाही. ग्रामपंचायत अधिकारी अंकिता मॅडमनी खूण म्हणून मारुतीच्याच ओट्याला कडेनं लाल रेघ मारून घेतली. ठरावाला सगळ्यांनी हात वर केले. खुणेच्या दोन फूट वर म्हणजे कुणाच्या वर, हे हात खाली आल्यावर लोकांच्या लक्षात आलं.

सारजाबाईला घरकुल मंजूर झालं. अट एवढीच, की जोत्याचा दाखला मार्चअखेरपर्यंत मिळाला पाहिजे, नाहीतर मंजुरी रद्द. शाळेनंही खोली तेवढ्याच मुदतीसाठी दिली होती.

काम अर्थातच बिरप्पाकडे आलं. त्यानं नळी लावली, कानाला हात लावून मारुतीला नमस्कार केला आणि दोरी बांधली ती वीतभर खालीच. ठराव कागदावर असतात आणि देव वेशीत असतो, असा त्याचा साधा हिशेब. दगडाचे थर चढवून, मुरूम भरून, चोपून त्यानं जोतं असं सुरेख केलं की बघत राहावं.

अंकिता मॅडम टेप घेऊन आल्या. पावणेतीन फूट कमी भरलं.

"मॅडम, कागदावर दोन फूट वर लिवा की," बिरप्पा म्हणाला. "हितं कोण बघाय येतंय?"

"पाणी येतंय, काका," मॅडम म्हणाल्या आणि टेप गुंडाळून निघून गेल्या.

मार्च संपायला नऊ दिवस उरले होते. त्या संध्याकाळी सारजाबाई बिरप्पाच्या अंगणात येऊन उभी राहिली. तिला वाटलं होतं आपण भांडू, पण भांडणं जमलं नाही.

"देवाच्या वर बांधू म्हंतीस? ह्या हातानं?" बिरप्पानंच सुरुवात केली.

"पुरात देवाला कुणी पाठीवर घेतलं न्हाय, अण्णा. त्यो कोरडा हुता. ह्यास्नी मी घेतलं," ती म्हणाली. "मी तवा एक वीतच मागितली हुती."

एवढं बोलून ती गेली. वीत दिली असती तर त्या घरात पाणी उंबऱ्याशी येऊन माघारी फिरलं असतं, हे गावात एकाच माणसाला नळी न लावता कळत होतं. बिरप्पा शरमला. सतरा घरांचा गर्व त्याला त्या रात्री जेवू देईना.

सकाळी त्यानं मारुतीपुढे नारळ फोडला आणि साहेबाला अर्ज वाचून दाखवावा तसं मोठ्यानं सांगितलं, "देवा, गावानं हात वर करून ठराव केलाय. बांधणार मी हाय. काय कमीजास्त झालं तर माझ्या एकट्याच्या नावावर घाल." पारावरचे चार जण कुजबुजले. हात झडतील, असं तिप्पण्णा पुजारी तोंडावर म्हणाला. "झडू द्यात," बिरप्पा म्हणाला, "पर आठ दिस थांबून झडू द्यात." दोन बिगारी घेऊन तो कामाला लागला.

मुदतीच्या आदल्या दिवशी मॅडम पुन्हा आल्या. सारजाबाई जोत्याच्या कोपऱ्याशी पदर तोंडाला लावून उभी होती. मॅडमनी एकदा मोजलं, मग नळीची खूण बघून पुन्हा मोजलं.

"काका, नियम दोन फुटांचा आहे. हे दोन फूट नऊ इंच झालंय. एवढी वीतभर जास्तीची मेहनत कशाला?"

सारजाबाईनं तोंडावरचा पदर काढला. बिरप्पानं नळीतलं पाणी ओतून दिलं आणि तिच्याकडे न बघता नळी गुंडाळत म्हणाला, "ती वीत नियमातली न्हाय, मॅडम. ती सारजाक्काची हाय. वीस वर्सं माझ्याकडं ऱ्हायली हुती."