नवसाबाई पुंजाराम, सायखेडा

नवनाथला घोटीत सगळे बाटलीवाला म्हणत. एवढं नाव माणसाची अब्रू घालवायला पुरेसं आहे, पण त्यानं उभ्या जन्मात दारूच्या थेंबाला शिवलेलं नव्हतं. त्याच्या बाटल्या करंगळीएवढ्या, आत औषधी पाणी, आणि पाण्यात कुणाच्या तरी अंगाचा तुकडा. मंगळवारी आणि शुक्रवारी घोटीपासून सायखेड्यापर्यंत सहा गावांमधून तो त्या गोळा करायचा आणि फटफटीला बांधलेल्या निळ्या पेटीतून नाशिकच्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात पोचवायचा. तपासून आलेला कागद ज्याचा त्याला नेऊन द्यायचा आणि माणसाला हाताला धरून डॉक्टरांपुढे उभं करायचं, हेही कामच.

हॉस्पिटलच्या फलकावर या सगळ्याला 'प्रादेशिक भागीदारी' असं भारदस्त नाव होतं. मधोमध नाशिक, भोवती सहा गावं आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. त्या रेषा म्हणजे नवनाथ आणि त्याची फटफटी, हे फलक रंगवणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. गावातल्या म्हाताऱ्या विचारायच्या, "भागीदारी कसली रं? दुकान टाकलं का?" तो म्हणायचा, "टाकलं ना. दुखणं तुमचं, डॉक्टर त्यांचे, धूळ माझी."

पण खोटं कशाला बोला, भागीदारीनं माणसं वाचत होती. पूर्वी बाई छातीतली गाठ घेऊन वर्ष वर्ष चुलीपुढं बसायची, आता महिन्याच्या आत ऑपरेशन होत होतं. नवनाथला याचा अभिमान होता आणि तो असायलाच हवा होता. नियम एकच, पण कडक. कागदात काय आहे ते ज्याचा कागद त्यालाच कळायचं, तेही डॉक्टरांच्या तोंडून. बाकी कुणीही विचारलं, की म्हणायचं, साधा कागद आहे. नियम वाईट नव्हता. कॅन्सर म्हटलं की बाईचं ताट वेगळं करणारी घरं अजून आहेत.

त्या वर्षी संक्रांतीनंतर सायखेड्यात हळदीकुंकवाच्या निमित्तानं बायकांचं शिबिर झालं. वाण घ्यायला आलेल्या बायकांची तपासणी करायची, ही युक्ती चांगली होती. तीन बायकांना गाठी निघाल्या. तिथल्या तिथं सुई घालून तुकडे काढले, बाटल्या भरल्या आणि शुक्रवारी नवनाथनं त्या नेल्या. बाटल्यांवरची नावं वहीत उतरवलीही त्यानंच. दहा दिवसांनी कागद आले. दोन साधे निघाले. तिसरा साधा नव्हता. त्याच्यावर होतं : नवसाबाई पुंजाराम, वय बावन्न, सायखेडा. आडनाव नाही. मोबाईल नंबर होता, पण मोजून नऊ आकडी. शिबिराच्या गर्दीत कुणीतरी एक आकडा खाल्ला होता.

नवनाथ सायखेड्याला गेला. ग्रामपंचायतीत विचारलं, रेशनच्या दुकानात विचारलं, नदीकाठच्या वस्त्या पालथ्या घातल्या. एक नवसाबाई सापडली, ती नव्वदीची. दुसरी सापडली, ती सात वर्षांची. शेवटी तो थोरल्या वहिनीच्या माहेरी, तिच्या भावाच्या, सावळीरामदादाच्या घरी टेकला. दादा मळ्यात होता. त्याची बायको लताबाई हिनं चहा ठेवला.

"ताई, नवसाबाई पुंजाराम कोण हो इथं?"

लताबाईचा हात साखरेच्या डब्यात थांबला. "काय काम हाय?"

"काय नाय. दवाखान्याचा कागद द्यायचाय. साधाच हाय."

"आमच्याकडं नाय बाई अशी कोण," लताबाई म्हणाली आणि चहात साखर दुसऱ्यांदा घातली.

तो चहा गोड झाला होता, एवढंच तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

त्या संध्याकाळी घरी वहिनीनं ताट वाढलं. वहिनी म्हणजे लंकाबाई, सहादूची, त्याच्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा नवनाथ पाच वर्षांचा होता, आणि आई त्याआधीच गेलेली. न्हाऊ-माखू घालण्यापासून शाळेत नेऊन बसवण्यापर्यंत सगळं तिनं केलं. तो तिला वहिनी म्हणायचा, माहेरचे आक्का म्हणायचे. तिला याखेरीज काही नाव असेल, हा विचार त्याच्या मनात कधी आलाच नाही. कुणाच्या येतो?

भाकरी मोडत तो म्हणाला, "तुझ्या माहेरी गेलतो आज. एक बाई हुडकतोय, घावतच नाय."

वहिनी उभीच होती. "तिचा कागद आलाय का?"

"हां."

"मग, वाईट हाय का काय?"

नवनाथनं नियम पाळला. तिच्याकडं न बघता म्हणाला, "नाय गं. साधा कागद हाय. घाबरायचं काय काम नाय."

"बरं," ती म्हणाली आणि अजून अर्धी भाकरी वाढली.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. हॉस्पिटलच्या यादीत 'अहवाल आला, रुग्ण सापडत नाही' या रकान्यात ते एकच नाव लाल अक्षरात राहिलं. नवनाथ दर शुक्रवारी सायखेड्यात चार दारं वाजवायचा. नवव्या आकड्यानंतर शून्यापासून नऊपर्यंत दहाही आकडे लावून त्यानं फोन केले. एक फोन मालेगावच्या यंत्रमागावर लागला, एकानं शिव्या दिल्या, बाकीचे बंद. गळालेला आकडा मधलाही असू शकतो, हे कळल्यावर त्यानं तो नाद सोडला. झोपेतही त्याला ती बाई पाठमोरी दिसायची.

वैशाखात पुतण्याचं, रोहितचं लग्न झालं. नवरी निकिता नाशिकची, कॉलेजात शिकवणारी. घरी लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट पुढं ठेवलं, त्यात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायचं. निकितानं आधीच सांगून ठेवलं होतं, "माझं आहे तेच राहील. आधार कार्डापासून डिग्रीपर्यंत कुठं कुठं बदलत बसू?" रोहितनं निमूटपणे 'निकिता' लिहिलं. बायकांत हसू पिकलं.

"आमच्या वक्ताला कोण इचारतंय!" वहिनीची आत्या यशोदाबाई म्हणाली. "मी माहेरची सोनाबाई. आन् ही आमची लंका," तिनं वहिनीला कोपरानं ढोसलं, "लय नवसानं झालेली. पुंजाभाऊनं नाव ठेवलं नवसा. हितं आली आन् तांदळात तिची लंका झाली."

नवनाथच्या हातात पेढ्यांचं खोकं होतं. ते त्यानं कुठं ठेवलं, त्याला पुढं आठवलं नाही. सावळीरामदादाच्या वडलांना सगळे आप्पा म्हणायचे, तोही आप्पाच म्हणायचा. आप्पांचं नाव पुंजाराम होतं, हे त्याला आज कळत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आपण हसायला वापरतो. ज्याच्या काखेत तो कळसा असतो त्याला हसू येत नाही.

त्यानं वहिनीकडं पाहिलं. तीही त्याच्याकडंच पाहत होती. जवळून जाताना ती हळूच म्हणाली, "घरातलं कार्य उरकू द्या, भाऊजी." तिनं पदर उजव्या खांद्यावरून घट्ट ओढून घेतला होता. चार महिने ती तसाच ओढत होती.

तिसऱ्या दिवशी तो तिला नाशिकला घेऊन गेला. पेटी नेहमी ज्या दारानं न्यायचा, त्याच दारानं. त्याच्या ओळखीमुळं सगळ्या तपासण्या एका दिवसात झाल्या. ओळखीचा तेवढाच उपयोग. वहिनीला सांगून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्याला एकट्याला आत बोलावलं. आजार हाडांत उतरला होता. आता दुखणं कमी करायचं, दिवस वाढवता आले तर वाढवायचे. "संक्रांतीनंतर लगेच आल्या असत्या तर..." एवढं म्हणून त्या थांबल्या, कारण समोर नवनाथ होता.

महिनाअखेरीला भागीदारीची बैठक झाली. लाल रकाना पहिल्यांदाच रिकामा होता. साहेबांनी नवनाथला उभं केलं, चिकाटीचं कौतुक केलं, सहाही गावच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो उभा राहिला. बसा म्हणाल्यावर बसला. त्या माणसांचं काही चुकलं नव्हतं, म्हणून त्याला रागसुद्धा धड येईना.

घरी आला तेव्हा वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होती. कंबर दुखायची म्हणून पाठीला उशी लावून बसली होती. तो पायरीवर बसला.

"नाव का बदललंस?"

"बदललं कुठं? माझंच की ते." ती खडे बाजूला काढत राहिली. "तुम्ही बाटल्यांवरची नावं वाचता. ज्याला मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं, त्याच्या पेटीतून आपली छाती जायची. लाज वाटली. वाणाला माहेरी गेलतेच, म्हणलं, माहेरच्या नावानं जाऊ दे, तुम्हाला कळायचं नाय. लताला शपथ घातली."

"फोन केला असंल तिनं. मी आलतो म्हणून."

"केला ना, त्याच दुपारी."

"मग?"

वहिनीनं सूप खाली ठेवलं. आवाजात राग नव्हता, तेच त्याला सोसेना.

"मग काय. लाज बाजूला ठेवली. ठरवलं, आज भाऊजी जेवायला बसले का सांगून टाकायचं, ती बाई मीच हाय. ताट वाढून त्याच्यासाठीच तर उभी होते. तुम्हीच म्हणलात, साधा कागद हाय."