धाबं काढून पत्रे टाकताना

"माय, तठेच बठ! हालू नको!"

मी एवढ्या जोरात ओरडलो की तापीपलीकडच्या बैलांनी मान वर केली असेल. मायने मानही हलवली नाही.

"आरडस कसाले रे रज्जाक? बिबड्या सांडतीन ना!"

माय म्हणजे ज्यांच्या घराचं काम चाललं होतं, त्या दगाआप्पांची आई. ती उभी होती आम्ही नुकत्याच बसवलेल्या सिमेंटच्या पत्र्यावर, डोक्यावर बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, टोपली घेऊन. आम्ही अंगणात जेवत होतो. शिडी भिंतीला तशीच होती. वरून 'कर्र' असा आवाज आला आणि हातातला घास हातातच राहिला.

शहाद्यात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. पुरुषोत्तमनगरच्या अलीकडे आप्पांचं घर. जुनं धाब्याचं, म्हणजे लाकडावर माती चोपून केलेलं सपाट छत. ते गळायला लागलं म्हणून पत्रे टाकायचे ठरले. माप घ्यायला गेलो, तर बापलेकाची तिथेच जुंपली.

"सिमेंटनाच टाक," आप्पा म्हणाले. "लोखंडी पत्रा म्हणजे उन्हायामा नुसता तवा शे."

मुलगा भूषण कारखान्यात नोकरीला. त्याचं लग्न जमवायचं चाललं होतं. "पोरगीवाला घर पाहाले येतीन, ते म्हणतीन हाई कोंबड्यासनं शेड शे का? निळा कलरनाच टाका."

दोघंही बरोबर होते. सिमेंटचा पत्रा कमी तापतो, पण ठिसूळ. कलर पत्रा म्हणजे रंगवलेलं स्टील. हलका, फुटत नाही, पण मे महिन्यात त्याखाली बसलेला माणूस संध्याकाळपर्यंत निम्मा उरतो. मी दोघांनाही "तुमचंच खरं" म्हणालो. धंद्यात तसंच म्हणावं लागतं. शेवटी बाप जिंकला.

तेवढ्यात मायने दारातून विचारलं होतं, "मन्ह्या बिबड्या कोठे वाळतीन?"

"पत्रावर टाक," आप्पा हसत म्हणाले. "लवकर वाळतीन."

मायने ते मनावर घेतलं. जन्मभर तिच्यासाठी छत म्हणजे वरची जमीन. ज्वारीच्या बिबड्या वर, मिरच्या वर, उन्हाळ्यात झोप वर.

तर आता ती पत्र्याच्या मधोमध, आणि तिच्या पायाजवळ बोटभर चीर. आप्पा शिडीकडे धावले. मी त्यांना मागून मिठी मारून थांबवलं. आप्पा म्हणजे ओल्या कापसाची दोन पोती. ते वर गेले असते तर छत, माय आणि बिबड्या एकाच वेळी खाली आल्या असत्या.

"माय, पत्रावर बोल्टसनी ओळ दिसस का?" मी खालूनच विचारलं.

"दिसस."

"तिन्हावरच पाय ठेव. दुसरीकडे नको."

पत्रा खालच्या लोखंडी पाइपाला बोल्टने धरलेला असतो. बोल्ट दिसतो तिथे खाली पाइप असतो, बाकी सगळी पोकळी. आम्हीसुद्धा फळी टाकल्याशिवाय त्यावर चालत नाही.

माय निघाली. टोपली ठेव म्हटलं, ठेवली नाही. एकेका बोल्टवर पाय देत अशी आली, जणू लग्नात कलश घेऊन चालली आहे. भूषण खाली दोन्ही हात पसरून तिच्या बरोबरीने सरकत होता. शिडीवर मी तिला टोपलीसकट धरली.

खाली उतरल्यावर तिने आधी बिबड्या मोजल्यासारख्या पाहिल्या. मग आप्पांकडे.

"दगा, तुन्हं छप्पर काय कामनं नही. मन्हा धाबावर म्हैस नाचनी असती."

आप्पांनी शिडी भिंतीपासून काढून आडवी ठेवली.

दुसऱ्या दिवशी रांधायच्या खोलीवरचे पत्रे उतरवले. चार खांब उभे करून तिथे स्लॅब टाकला, बाहेरून कठड्याचा जिना दिला. उरलेल्या घरावर सिमेंट राहिलं. चिरलेला पत्रा बदलला. ओट्यावर भूषणसाठी निळा पत्रा लावला. आता आप्पा सांगतात माझं ऐकलं, भूषण सांगतो माझं ऐकलं. माय काही सांगत नाही. ती वर असते.

हल्ली दुकानात कुणी पत्र्याचं विचारायला आलं की मी जाडी, रंग काही काढत नाही. आधी विचारतो, "तुमच्या घरी छतावर कोण चढतं?"

गिऱ्हाईक म्हणतं, "कोणीच नाही."

मग मी त्याच्या घरी जातो आणि म्हातारीला विचारतो.